हवा शुद्ध, तरी श्वास अडतो

भाद्रपदातली सकाळ होती. गौरी-गणपतीचे विसर्जन होऊन दोनच दिवस झाले होते. वेल्ह्याच्या बाजूच्या एका गावातून एकाहत्तर वर्षांचे एक आजोबा दवाखान्यात आले. सोबत सून आणि शाळकरी नातू. आजोबा वर्षातले नऊ महिने पुण्यात धनकवडीला मुलाकडे असतात. गणपतीला गावी येतात आणि दिवाळीचा फराळ करूनच परततात. गावची मोकळी हवा लागली की त्यांना बरे वाटेल, अशी घरातल्या सर्वांची समजूत. त्या दिवशी मात्र आजोबा खुर्चीच्या कडेवर पुढे झुकून बसले होते आणि बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून श्वास घेत होते. नातवाने मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर हिरवा रंग होता आणि ‘हवा चांगली’ असे लिहिलेले होते. तो म्हणाला, “डॉक्टरकाका, पुण्यात आमच्याकडे हा रंग पिवळा नाहीतर नारिंगी असतो. तिथे आजोबांना काही होत नाही. इथे हिरवा आहे, मग इथेच धाप का लागते?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार असायला हवे होते. हेच आजोबा आधीची दोन वर्षे याच दिवसांत याच तक्रारीसाठी माझ्याकडे आले होते. दोन्ही वेळा ‘हवापालट झाला, शिवाय वयही झाले’ असे म्हणून मी खोकल्याचे औषध, प्रतिजैविके आणि सर्दीच्या गोळ्या देऊन त्यांना घरी पाठवले होते. दिवाळीनंतर पुण्याला गेले की ते बरे होत, आणि ते श्रेय मी माझ्या औषधांना देत असे. नातवाच्या प्रश्नाने मला पहिल्यांदा त्या हिरव्या रंगाकडे नीट पाहायला लावले.

मोबाइल काय मोजतो आणि काय मोजत नाही

मोबाइलवर दिसणारा हवा गुणवत्ता निर्देशांक भारतात आठ प्रदूषकांवरून काढला जातो. दोन आकारांचे धूलिकण म्हणजे पीएम १० आणि पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे हे ते आठ होत. वाहने, कारखाने, बांधकामे आणि जाळपोळ यांतून जे हवेत मिसळते, त्याचा हा हिशेब आहे. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ प्रकल्पातून शहराच्या हवेचे असे मोजमाप आणि अंदाज लोकांपर्यंत पोहोचवले, ते फार मोलाचे काम आहे. हृदयविकार किंवा जुनाट दमा असणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

परंतु या आठ नावांमध्ये परागकण नाहीत. पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. गवताचा परागकण साधारण पंचवीस ते चाळीस मायक्रॉनचा असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण धूलिकण मोजणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने तो मोठा ठरतो आणि मोजणीतून वगळला जातो. शिवाय डोंगराकडेच्या गावात मोबाइल जो आकडा दाखवतो, तो बहुधा दूरच्या केंद्रावरून किंवा संगणकीय अंदाजावरून आलेला असतो. तेव्हा हिरव्या रंगाचा अर्थ ‘येथे धूर आणि धूळ कमी आहे’ एवढाच घ्यावा. ‘येथे वावडे आणणारे काही नाही’ असा तो घेऊ नये.

परागकण मोजण्याची दीडशे वर्षे

हवेतले परागकण मोजता येतात आणि ही विद्या बरीच जुनी आहे. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच गवताच्या मोसमात शिंका आणि डोळ्यांची जळजळ यांचा त्रास होई. चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या उघड्यावर ठेवून त्यांवर बसलेले परागकण त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. उंचावरच्या हवेचा अंदाज घेण्यासाठी अशा पट्ट्या पतंगाला बांधून वर सोडल्या. परागकणांचे आकडे वाढतात तसा आपला त्रास वाढतो, हे त्यांनी स्वतःवरच पडताळून १८७३ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. योगायोग असा की, त्याच वर्षी कोलकात्यात डी. डी. कनिंगहॅम यांनीही तिथल्या हवेतील सूक्ष्म कणांच्या निरीक्षणांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतातील या शास्त्राचा आरंभ तिथून मानला जातो.

उघड्या काचपट्टीची अडचण अशी की, तिच्यावर किती हवा वाहून गेली हे कळत नाही. ही अडचण इंग्लंडमधील जे. एम. हर्स्ट यांच्या १९५२ च्या यंत्राने दूर केली. हे यंत्र मिनिटाला दहा लिटर हवा एका अरुंद फटीतून ओढते. आत चिकट पट्टी तासाला दोन मिलिमीटर या गतीने सरकत असते आणि हवेतले कण तिच्यावर आदळून बसतात. त्यामुळे कोणत्या तासाला किती कण होते, हेही सांगता येते. मिनिटाला दहा लिटर हा वेग आपल्या श्वासाच्या जवळपासचा आहे. दिवसभरात १४,४०० लिटर हवा यंत्रातून जाते; पट्टीवरचे कण मोजून ‘एका घनमीटर हवेत इतके’ असा आकडा काढतात. ब्रिटनमध्ये गवताच्या परागकणांचा आकडा पन्नासवर गेला की तो दिवस ‘जास्त’ आणि दीडशेच्या वर गेला की ‘अतिशय जास्त’ असे जाहीर करतात.

महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. एस. टी. टिळक यांनी आर. एल. कुलकर्णी यांच्यासह १९७० मध्ये हवेचा नमुना घेणारे देशी यंत्र प्रसिद्ध केले. ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावाने ते ओळखले जाते आणि एकदा लावले की सलग आठ दिवस चालते. शेतांवरच्या हवेतील बुरशीचे बीजाणू आणि परागकण यांचा अभ्यास अशा यंत्रांच्या आधारे उभा राहिला. अलीकडे, २०२२ मध्ये, चंडीगड शहरासाठी परागकणांची दिनदर्शिका तयार झाली. कोणत्या महिन्यात कोणत्या झाडाझुडपांचे परागकण हवेत वाढतात, हे तिथल्या नागरिकांना आता आधी कळू शकते.

भोर आणि वेल्हे तालुक्यांत अशा यंत्राचा रोजचा आकडा वाचायला मिळण्याची सोय नाही. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे, पण जुन्या मंडळींच्या तोंडी वेल्हेच आहे. म्हणून मीही तेच वापरतो. यंत्र नाही म्हणून आपण अगदीच अंधारात आहोत, असे मात्र नाही. यंत्राचीही एक मर्यादा आहे आणि ती समजून घेतली तर पुढची वाट दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली गवताचा परागकण गोल, गुळगुळीत, एकाच छिद्राचा आणि त्या छिद्राभोवती कडे असलेला दिसतो. जवळजवळ सर्व गवतांचे कण असेच दिसतात. त्यामुळे यंत्राचा अहवाल ‘गवत’ एवढेच सांगतो. ते मारवेलचे, हरळीचे की कुसळीचे, हे सांगत नाही. ते ओळखतो तो गुरे राखलेला, गवत कापलेला माणूस.

आपल्या डोंगरांवरचा मोसम

आमच्या आजोबांनी आयुष्याची पहिली तीस वर्षे तोरण्याच्या पायथ्याशी गुरे राखण्यात आणि भात लावण्यात घालवली. त्यांच्याकडून आणि अशाच इतर वृद्धांकडून मी जे ऐकले, ते वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांशी चांगले जुळते.

श्रावण सरता सरता उतारांवरची गवते वाढून तुऱ्यावर येऊ लागतात. भाद्रपद आणि आश्विन हा त्यांचा ऐन बहर. मारवेल, पवना, शेडा, कुसळी अशी एकामागून एक गवते फुलतात. खाचरांत इंद्रायणी आणि आंबेमोहोर भात पोटरीत येऊन निसवतो. भात हेही गवतच आहे. बांधावरची आणि अंगणातली हरळी ओल असेल तोवर तुरे धरते. गणपतीला वाहतो ती दूर्वा म्हणजे हीच हरळी, आणि वैद्यकीय पुस्तकांत जिचे वावडे जगभर नोंदले गेले आहे ते बर्म्युडा गवतही हेच. पूजेतल्या कोवळ्या दूर्वांना तुरा नसतो, तेव्हा त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही.

दसऱ्यानंतर चित्र बदलते. भाताची कापणी आणि झोडणी सुरू होते. डोंगरावरचे वाळके गवत कापून त्याच्या गंजी रचल्या जातात. आता हवेत परागकणांपेक्षा भुसा, कुसळांचा चुरा आणि बुरशीचे बीजाणू अधिक असतात. ओलसर राहिलेल्या पेंढ्याला आतून बुरशी धरते. असा पेंढा हलवल्यानंतर चार ते आठ तासांनी ताप, अंगदुखी आणि धाप सुरू झाली, तर तो नेहमीचा दमा नसून फुप्फुसांचा निराळा विकार असू शकतो. डॉक्टरांना पेंढ्याची गोष्ट आवर्जून सांगावी. पुढे माघ-फाल्गुनापासून वणव्यांचा आणि मग राब भाजण्याचा धूर येतो. त्याने श्वास अडला तर दोष धुराचा असतो, परागकणांचा नव्हे.

येथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. भाद्रपदात राजगड-तोरण्याच्या माथ्यावर सोनकीची पिवळी फुले पसरतात, तेव्हा अनेक जण शिंकांचा दोष त्या फुलांना देतात. रंगीत फुलांचे परागकण जड आणि चिकट असतात. ते कीटकांच्या अंगाला लागून जातात, वाऱ्यावर फार दूर उडत नाहीत. वाऱ्याच्या भरवशावर असते ते गवत. त्याला ना रंग, ना वास. म्हणून ते फुलले आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. दुसरा गैरसमज गाजर गवताविषयी. त्याच्या नावात गवत असले तरी ते गवताच्या कुळातले नाही; सूर्यफुलाच्या कुळातले आहे. भारतात त्याचा फैलाव नोंदला गेला तो १९५० च्या दशकात, आपल्या पुण्यातच. त्याने शिंका तर येतातच, शिवाय शेतात वावरणाऱ्या वयस्क माणसांच्या पापण्या, मान आणि कोपरांच्या घड्या यांवर खाज सुटून कातडी जाड आणि काळपट होते. हा त्रास वर्षानुवर्षे ‘गजकर्ण’ समजून मलमे लावणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

पाऊस, विजा आणि मेलबर्नची संध्याकाळ

संथ, सततचा पाऊस परागकण खाली बसवतो आणि हवा स्वच्छ करतो. विजांच्या वादळाची गोष्ट वेगळी आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी गवताच्या ऐन मोसमात असे वादळ आले. काही तासांत हजारो माणसे श्वास अडला म्हणून रुग्णालयांकडे धावली आणि दहा जणांचा मृत्यू झाला. त्रास झालेल्यांपैकी अनेकांना तोवर केवळ शिंका-सर्दीचा विकार होता. दम्याचे निदान कधी झालेले नव्हते.

याचे कारण परागकणाच्या पोटात आहे. सबंध परागकण मोठा असल्याने नाकातच अडकतो; त्याने शिंका येतात, नाक वाहते. ओलाव्याने तो फुगून फुटला की आतले पिष्टाचे बारीक कण बाहेर पडतात. राय गवताच्या एका परागकणात ते सुमारे सातशे असतात. वावडे आणणारी प्रथिने त्यांच्याबरोबर थेट छातीत उतरतात. वादळाच्या तोंडाशी येणारा थंड वारा हे कण जमिनीलगत पसरवतो. आपल्याकडे गवत तुऱ्यावर असतानाच परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह येतो. म्हणून ज्यांना या दिवसांत शिंका किंवा धाप यांचा त्रास आहे, त्यांनी ढग भरून वारा सुटताच घरात यावे, खिडक्या लावून घ्याव्यात आणि आपला पंप जवळ ठेवावा. पाऊस पाहायला ओट्यावर बसण्याचा मोह तेवढा वेळ आवरावा.

हवेतले मोजता येत नसेल तर छातीतले मोजावे

आता पुन्हा त्या सकाळकडे वळतो. नातवाचा प्रश्न ऐकून सुनेने पिशवीतून एक दुमडलेली दिनदर्शिका काढली. सासऱ्यांना ज्या रात्री खोकल्याने झोप लागली नाही, त्या तारखांना तिने लाल खुणा केल्या होत्या. दुधाचा हिशेब ठेवावा तशा. गावी आल्यावर चौथ्या दिवसापासून खुणा सुरू झाल्या होत्या. मध्ये तीन दिवस झड लागली होती, तिथे एकही खूण नव्हती. ऊन पडल्यावर पुन्हा सलग खुणा. ताप एकदाही नव्हता. जे मला दोन वर्षांत दिसले नव्हते ते त्या एका पानावर होते. संसर्गाचा खोकला असा ऊन-पावसाच्या हिशेबाने येत-जात नाही.

घरी अशी नोंद ठेवणे हे या विकारातले पहिले औषध आहे, असे मी आता मानतो. त्यासाठी वहीच्या पानावर पाच रकाने पुरतात.

पहिल्यात तारीख आणि त्या दिवशी मुक्काम कुठे होता, गावी की शहरात, हे लिहावे. दुसऱ्यात हवा: ऊन, वारा, झड, विजा. तिसऱ्यात आजूबाजूला काय चालले होते: कोणते गवत तुऱ्यावर आले, भात निसवला का, झोडणी, गवतकापणी, शेकोटी, चुलीचा धूर. चौथ्यात त्रास: शिंका, डोळ्यांची खाज, खोकला, घरघर, रात्री जाग आली का. पाचव्यात घेतलेली औषधे. तीन-चार आठवड्यांची अशी वही घेऊन आलेल्या रुग्णाचे निदान, नुसत्या ‘फार खोकला येतो’ या वाक्यापेक्षा कितीतरी लवकर होते.

या वहीला आकड्याची जोड देणारे साधे उपकरण म्हणजे पीक फ्लो मीटर. हातात मावणारी ही प्लास्टिकची नळी असते. तिला वीज लागत नाही आणि ती काही शे रुपयांत मिळते. उभे राहून खोल श्वास घ्यावा, नळीचे तोंड ओठांनी घट्ट धरावे आणि एका दमात जोराने फुंकावे. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहावा. सकाळी आणि संध्याकाळी, रोज साधारण त्याच वेळी. प्रकृती उत्तम असतानाचा आकडा हा त्या माणसाचा उच्चांक. इतरांशी तुलना करू नये. समजा तो ३०० आहे. आकडा २४० च्या खाली, म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या खाली आला, तर डॉक्टरांनी आधी ठरवून दिल्याप्रमाणे औषध वाढवावे आणि त्यांना कळवावे. १५० च्या खाली, म्हणजे निम्म्याच्या खाली आला, तर थांबू नये, रुग्णालय गाठावे. अनेकदा धाप जाणवण्यापूर्वीच हा आकडा घसरू लागतो. मोतीबिंदूची किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, अथवा अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल, तर जोराने फुंकण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

उतारवयातली औषधे: थोडे सांभाळून

आजोबांच्या बाबतीत माझी मोठी चूक औषधाची होती. दुसऱ्या वर्षी मी दिलेल्या सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामीन होते. त्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. दुसऱ्याच रात्री त्यांची लघवी पूर्ण अडली. नळी घालावी लागली आणि ती काही दिवस राहिली. या वयाच्या माणसाला ती गोळी देण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागले असते.

जुन्या पिढीची ही औषधे झोप आणतात. वृद्धांमध्ये तोल जाऊन पडणे, रात्री भ्रम होणे, लघवी अडणे आणि काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्याचा दाब वाढणे हे धोके त्यांच्यासोबत येतात. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत फेनिलेफ्रिनही असते; त्याने रक्तदाब वाढू शकतो. म्हणून दुकानातून ‘सर्दीवरचे काहीतरी’ मागून घेऊ नये. फेक्सोफेनाडीन, लोराटाडीन यांसारखी नव्या पिढीची औषधे त्या मानाने सुरक्षित आहेत. तरी मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. नाक मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांहून अधिक वापरले तर नाक उलट अधिक चोंदते.

परागकणांच्या सर्दीवर खरा उपाय म्हणजे नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा. तो त्रास झाला की मारायचा नसून मोसमभर रोज मारायचा असतो. गुण यायला काही दिवस लागतात. फवाऱ्याचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने धरावे. छातीत घरघर असेल तर श्वासावाटे घेण्याचे औषध, म्हणजे पंप, लागतो. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती मी रोज ऐकतो. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट फुप्फुसात जाते. त्याच विकारावर पोटात घेतलेल्या गोळ्यांनी हात थरथरणे, छाती धडधडणे, साखर वाढणे अधिक होते. हाताची पकड कमजोर असेल तर पंपाला स्पेसर जोडावा. औषध घेतल्यावर चूळ भरावी. केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर मोसम काढणे धोक्याचे आहे. सूज कमी करणारे औषधही सोबत हवे.

घरातल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, अथवा काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब डोळ्यांत घातले जात असतील, तर त्यांनीही दमा उफाळू शकतो. ती औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. सर्व औषधांची पिशवी उचलून डॉक्टरांपुढे ठेवावी.

घरातली आणि अंगणातली काळजी

बहुतेक गवते सकाळी परागकण सोडतात. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी ते दूरवर जातात. अशा सकाळी डोंगराकडच्या खिडक्या बंद ठेवाव्यात आणि फिरणे पाऊस पडून गेल्यावर किंवा संध्याकाळी, ढगांचा गडगडाट नसताना करावे. बाहेरून आल्यावर तोंड, डोळे आणि हातपाय धुवावेत, कपडे बदलावेत. मफलर आणि टोपी उशाशी ठेवू नयेत. मोसमात अंथरूण-पांघरूण अंगणात गवताशेजारी वाळत घालू नये. उकळून थंड केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास पुष्कळ आराम पडतो. गवतकापणी, झोडणी आणि गंजी रचणे ही कामे त्रास असणाऱ्याने करू नयेत. तिथे उभे राहणे भागच असेल तर एन ९५ मुखपट्टी लावावी. साधा रुमाल धूळ अडवतो असे वाटते, पण तो पुरत नाही. अंगणातले गवत तुरा धरण्यापूर्वीच कापून घ्यावे, आणि ते घरातल्या दुसऱ्या कुणी कापावे.

प्रत्येक खोकला गवताचा नसतो

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, वजन घटणे, संध्याकाळचा ताप किंवा थुंकीतून रक्त असेल तर क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. आडवे होताच धाप लागणे, पायांवर सूज येणे ही हृदयाच्या अशक्तपणाची लक्षणे असू शकतात. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आजींचा बारमाही खोकला बहुधा धुराने जीर्ण झालेल्या फुप्फुसांचा असतो. वाक्य पूर्ण बोलता न येणे, ओठ निळसर होणे, ग्लानी येणे, पंप घेऊनही आराम न पडणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वेल्ह्याच्या आतल्या गावांतून मोठे रुग्णालय गाठायला वेळ लागतो, म्हणून निर्णय लवकर घ्यावा.

आजोबांच्या मुलाचा निर्णय त्या वर्षी ठरल्यासारखाच होता: ‘आता गावी जायचे नाही.’ आजोबा काही बोलले नाहीत. त्यांच्या धाकट्या भावाचे घर, खाचर, ग्रामदैवत, सगळे तिथेच आहे. मी मुलाला सांगितले की, आधी एक वर्ष वही ठेवून पाहू.

पुढच्या वर्षी श्रावणाच्या अखेरीस, गावी जाण्याच्या दोन आठवडे आधी, त्यांचा नाकाचा फवारा आणि पंप सुरू केला. गावी गेल्यावर सकाळचा आकडा नातू लिहीत असे. तो पुण्याला परतल्यावर सून फोनवर विचारून घेई. त्या मोसमात आकडा दोनदा ऐंशी टक्क्यांच्या खाली आला. एकदा शेजारच्या बांधावर गवतकापणी चालू असताना आणि एकदा विजांच्या पावसाच्या संध्याकाळी. दोन्ही वेळा ठरल्याप्रमाणे औषध वाढवले आणि तीन-चार दिवसांत आकडा सावरला. दिवाळीनंतर वही माझ्याकडे आली. तिसऱ्या रकान्यातले अक्षर मात्र आजोबांचे होते. आठवड्या-आठवड्याला त्यांनी लिहिले होते: मारवेल तुऱ्यावर, पवना तुऱ्यावर, खालचे खाचर निसवले, कुसळी वाळली.